तिन्हीसांजेची हाक

अनसूयाबाईंचा आवाज चढलेला सांगलीच्या त्या वसतिगृहात कुणी कधी ऐकला नव्हता. वर्गात त्या शास्त्र शिकवू लागल्या की मागच्या बाकांवरच्या मुली आपोआप पुढं सरकायच्या. रागावल्या तर त्यांचा आवाज आणखी खाली जायचा. "बाई वरडल्या असत्या तर बरं झालं असतं गं," मुली आपसांत म्हणायच्या, "ह्ये हळू बोलणं लय लागतं."

दिवेलागणीला तर त्या बोलायच्याच नाहीत. सूर्य टेकला की मौन. देवापुढं दिवा लावून एक माळ जप होईपर्यंत ते सुटायचं नाही. तरुणपणी कधीतरी घेतलेलं व्रत होतं ते. अंगात ताप असो, दारात पाहुणा असो, मोडलं नव्हतं. त्यामुळं अंगणातली संध्याकाळची हजेरी वरच्या वर्गातली एखादी मुलगी घ्यायची. नाव पुकारलं की "हजर" म्हणायचं आणि आत पळायचं, एवढंच काम. पण राही तेवढी ओ द्यायची नाही.

राही कोरेगावकडची. वडील फौजेत, आई लहानपणीच गेलेली, आजीनं वाढवलेली पोर. सकाळच्या हजेरीला तिचा "हजर" फाटकापर्यंत ऐकू जायचा. संध्याकाळी मात्र तोंड शिवल्यागत उभी. नाव पुकारलं की मान खाली घालायची आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरायची.

"शिष्ट हाय ती, बाई," हजेरी घेणारी तक्रार घेऊन यायची. "मी काय तिच्या घरची मोलकरीण हाय व्हय, चार-चारदा नाव घ्यायला?"

बाईंनी एकदा राहीला बोलावून विचारलं. "का गं, ओ का देत नाहीस?"

"आजीनं नको म्हणून सांगितलंय."

"आजीचं घरी. इथं शाळेचं चालतं," बाई हळूच म्हणाल्या. का नको, ते त्यांनी विचारलं नाही. आठवडाभर अंगण झाडायची शिक्षा दिली. राहीनं अंगण असं झाडलं की खडा राहिला नाही, वर तुळशीपुढं रोज रांगोळी काढली. आणि संध्याकाळी पुन्हा गप्प.

मुलींना रानात न्यायचं बाईंच्या मनात फार दिवस होतं. पुस्तकात चित्र दाखवून बी कसं उडतं ते सांगायचं, आणि तेच बी खिडकीतून आत येऊन वहीवर बसलं की मुलींनी फुंकर मारून घालवून द्यायचं, याचं त्यांना वाईट वाटायचं. दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. डोंगर पुन्हा हिरवे दिसत होते. शरदात, आश्विन लागला की आकाश धुतल्यासारखं होतं, गवताला तुरे येतात, पाखरं गोळा व्हायला लागतात. तेव्हाच न्यायला हवं होतं. बाईंनी त्याला 'रानशाळा' असं नाव ठेवलं आणि संस्था चालवणाऱ्या नानासोंकडं परवानगी मागायला गेल्या.

नानासोंनी पान लावता लावता ऐकून घेतलं. "बाई, तुमी देवधर्माच्या. तुमच्या शब्दावर मी न्हाई म्हनत न्हाई. पर पोरीबाळी हायत. एक जरी कमी परत आली, तर ह्या गावातली कुठलीबी पोरगी पुन्यांदा उंबऱ्याभाईर पडायची न्हाई. तुमच्या रानशाळंचं तर सोडाच, शाळंतनं बी काढतील आईबाप. ध्यानात ठेवा."

"मी आहे ना," बाई म्हणाल्या.

म्हणून मग नवरात्राच्या सुट्टीत त्या पंधराएक मुली घेऊन पॅसेंजरनं कोरेगावला उतरल्या. तिथून बैलगाडीत सामान टाकलं आणि जानूबाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याला असलेल्या देवळाच्या ओवरीत मुक्काम केला. देवळाचा गुरव केरबा आणि त्याची बायको बनुबाई यांनी चुलीला जागा दिली. वसतिगृहात बाईंचे घट बसलेले होते, नंदादीपात तेल घालायला दुसऱ्या बाई होत्या. पण रोजची माळ त्यांच्या हातची व्हायला हवी, म्हणून ती इथं जानूबाईच्या घटावर चढायची. पहिल्या दिवशी मुलींनी कुर्डूची फुलं आणली, दुसऱ्या दिवशी तेरड्याची, तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठची निळी गोकर्ण.

चौथ्या दिवशी सकाळी दोरा ओवताना बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "माझी आई कारळाच्या फुलांची माळ करायची. पिवळीधम्मक. इकडं कुठं दिसत नाही कारळ." आणि त्यांनी रुईची फुलं ओवायला घेतली.

राही शेजारी बसून देठ खुडत होती.

रानशाळेतला बाईंचा सगळ्यात आवडता धडा संध्याकाळचा होता. वरच्या माळावर जायचं, प्रत्येकीनं आपलं एक झाड धरायचं आणि त्याच्या बुंध्याशी एकटं बसायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. घरी परतणारी पाखरं काय काय बोलतात ते ऐकायचं. सूर्य टेकला की बाई शिट्टी वाजवणार, मग सगळ्यांनी मोठ्या आंब्याखाली जमायचं. मुलींना आधी हसू यायचं. तिसऱ्या दिवसापर्यंत मात्र एकेक जण सांगू लागली होती, की साळुंक्या झोपायच्या आधी भांडतात आणि टिटवी कुणी जवळ गेलं की वेगळी ओरडते, लांब गेलं की वेगळी.

"पाखरांची हजेरीच असती की ओ बाई ही," जैबून म्हणाली होती. जैबून हळदीच्या पेठेतल्या मोहिद्दीन व्यापाऱ्याची मुलगी. वसतिगृहात तिची गादी राहीच्या गादीला लागून होती, आणि राही जर कुणाशी मन मोकळं करून बोलत असेल तर तिच्याशीच.

चौथ्या दिवशी सूर्य टेकला. बाईंनी शिट्टी वाजवली. माळावरून, झुडपांतून मुली आंब्याखाली जमल्या. गवताची कुसळं परकरांना चिकटलेली, एकीच्या वेणीत सुरवंट निघाला म्हणून किंचाळ्या. बाईंचं मौन सुरू झालं होतं. त्यांनी बोटांनी मुली मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग राहीच्या झाडाकडं बघितलं. ते माळाच्या कडेला होतं, जिथून जमीन घळीकडं उतरते तिथं. झाडाखाली नुसता तिचा रुमाल होता, उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवलेला.

बाईंनी शिट्टी वाजवली. परत वाजवली. छातीत हवा राहीना इतकी वाजवली.

घळीपलीकडच्या कड्यामागं ढग काळे झाले होते, आणि मध्येच आतून उजेड पडल्यासारखी वीज हलत होती.

बाईंनी हात जोडले. कुणाला, ते मुलींना कळलं नाही. मग त्यांनी तोंड उघडलं.

"राहीऽऽ!"

मुली दचकल्या. हा आवाज बाईंचा आहे हे त्यांना समोर दिसत असूनही पटेना. घोगरा, फाटका, कधी न वापरल्यामुळं गंजलेला आवाज होता तो. इतक्या वर्षांचं मौन बाईंनी मोडलं, आणि पलीकडच्या कड्यानं ते नाव उचलून माळावर परत फेकलं. राही... ही... ही.

उत्तर आलं नाही.

बाईंनी मोठ्या मुलींना सांगून सगळ्यांना एकमेकींचे हात धरून देवळाकडं पाठवलं, आणि केरबाला वर धाडायला सांगितलं. स्वतः घळीच्या कडेनं चालत सुटल्या. वहाणेचा अंगठा तुटला तशा एक पाय ओढत चालल्या. दर थोड्या अंतरावर थांबायचं, तोंडाभोवती हात धरायचे, आणि ते नाव ओरडायचं. थांबून ऐकायचं. रातकिडे. वारा. आपल्याच आवाजाचं भूत.

केरबा कंदील घेऊन वर आला. सोबत आकाराम नावाचा त्याचा चुलतभाऊ, हातात बॅटरी आणि काठी.

"कुठं दिसली हुती शेवटाला?" केरबानं विचारलं.

बाईंनी झाड दाखवलं.

केरबानं कंदील उचलून घळीकडं धरला. उजेड दोन हातांवर संपला. त्यानं मग ढगांकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा बदलला.

"बाई, हस्त चालू हाय. वरच्या सड्याच्या पठारावर पाऊस लागलाय बघा, वास येतोय. तितलं समदं पाणी ह्याच घळीत उतरतं. हितं थेंब पडला न्हाई तरी बी उतरतं. गेल्या साली आकारामची म्हस अशीच गेली, उभ्या उभ्या."

"मग काय करायचं?"

"पोरगी घळीत नसंल तर कायबी वांदा न्हाई. घळीत असंल तर..." तो थांबला. "हाका मारू या. जोरात मारू या. दुसरं काय करनार?"

तिघांनी हाका मारल्या. केरबाचा आवाज जत्रेत छबिन्यापुढं ओरडणाऱ्याचा, आकारामचा गुरं वळवणाऱ्याचा, बाईंचा तो फाटलेला. राही, एऽ राही, राहीऽऽ. कडा ती नावं मिसळून परत देत होता, कधी उजवीकडून, कधी मागून, कधी घळीच्या तळातून. एकदा आकाराम चमकून मागं वळला, "कोन हाय?" म्हणून. त्याचाच आवाज होता तो.

बाईंच्या मनात नको ते येऊ लागलं. पोर घसरली असेल. डोक्याला लागून पडली असेल, ऐकू येत नसेल. लांडगे फिरतात इकडं, केरबानंच सांगितलं होतं. का उत्तर देत नाही? आत्ता जिवंत असती तर उत्तर दिलं असतं. हा विचार आला आणि बाईंनी गवतात गुडघे टेकले. आई, माझ्या व्रतात काही चुकलं असेल तर मला घे. मी तुझी किती संध्याकाळची मौनं पाळली, ती सगळी परत घे, आणि एक ओ दे. एकच. त्यांनी कपाळ मातीला लावलं. मातीत अजून उन्हाची ऊब होती.

दूरवर, वरच्या अंगाला, पाऊस पडायला लागल्याचा सळसळाट ऐकू आला.

आणि त्याच वेळी खालून कुणी तरी धापा टाकत वर येत होतं.

"बाई! बाई, थांबा, हाका मारू नका!"

जैबून होती. ओढणी कुठं पडली होती कुणास ठाऊक, केस सुटलेले. केरबा वैतागून म्हणाला, "ह्या पोरीला कशाला सोडलं वर? आता हिला शोधायची का तिला?"

जैबूननं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बाईंचा हात धरून ती एका दमात बोलली. "बाई, ती ओ देणार न्हाई. जित्ती असली तरी देणार न्हाई. तिच्या आजीनं सांगितलंय, दिवस बुडाला की घराभायेर कुनी नावानं हाक मारली तर ओ द्यायची न्हाई. हाकामारी असती म्हनं. वळखीच्या माणसाचा आवाज काढती आनि नाव घेती. ओ दिली की घेऊन जाती. म्हनून ती हजेरीला बी गप ऱ्हाती. मला शपथ घातली हुती, पोरी हसतील म्हनून कुनाला सांगू नको. मी देवळात बसले हुते, तुमच्या हाका खाली ऐकू येत हुत्या, आनि मला एकदम ध्यानात आलं..." तिला रडू फुटलं. "तुमी वरडताय न्हवं, तुमी कवाच वरडत न्हाई. तिला वाटत असंल ह्यो बाईंचा आवाज न्हवंच."

बाई उभ्या राहिल्या. त्यांना अंगणातली ती मान खाली घातलेली पोर दिसली. अंगठ्यानं माती उकरणारी. आजीनं नको म्हणून सांगितलंय. इतका वेळ त्या तिला बोलावत नव्हत्या, हाकलत होत्या. प्रत्येक हाकेला ती एखाद्या कपारीत आणखी आत सरकत असणार.

"खरंय त्ये," केरबा हळू आवाजात म्हणाला. "आमची म्हातारी बी सांगायची. मोठं झालो आन् इसरलो."

"मग कशी बोलवायची?" आकारामनं विचारलं. "शिट्टी?"

"शिट्टी वाजवून झाली," बाई म्हणाल्या. "शिट्टी कुणीही वाजवतं." त्यांनी जैबूनला विचारलं, "त्या हाकामारीला काय जमत नाही? आजीनं काय सांगितलंय? नीट आठव."

जैबूननं डोळे मिटले. "पाय उलटे असतात तिचे. टाचा फुडं. आनि... आनि देवाचं नाव घेता येत न्हाई तिला. जीभ जळती."

वरून गडगडाट झाला. तो विजेचा होता की पाण्याचा, ते कुणालाच सांगता आलं नाही.

बाई घळीच्या अगदी कडेला गेल्या. नवरात्र होतं. या मुलखात लहान पोर बोलू लागलं की 'आई'च्या खालोखाल जे शिकतं, ते त्यांनी आठवलं. आरती झाली की गुरव ओरडतो आणि सगळं देऊळ उत्तर देतं. गेले चार दिवस राही त्या उत्तरात सगळ्यांत पुढं असायची. ज्यानं ऐकलं त्यानं ओ द्यायची, नाही दिली तर आईचा अपमान.

बाईंनी श्वास घेतला.

"जानूबाईच्या नावानंऽऽ!"

"उदोऽऽ!" केरबा आणि आकाराम मागून एकदम बोलले, सवयीनं.

"गप राहा!" बाई म्हणाल्या. गुरवाला त्या असं कधी बोलल्या नसत्या. "तुम्ही नका देऊ. तिला देऊ दे."

पुन्हा. "आई अंबाबाईच्या नावानंऽऽ!"

कड्यानं नाव परत दिलं. ते विरलं. नुसता वारा राहिला.

"जानूबाईच्या नावानंऽऽ!"

आणि मग घळीच्या आतून, पलीकडच्या अंगाला, खूप खालून, एक बारीक, थरथरणारा आवाज आला.

"उदो..."

जैबून किंचाळली. केरबानं तिच्या तोंडावर हात ठेवला. "नाव घिऊ नगंस!"

बाईंनी पुन्हा हाळी दिली, उत्तर पुन्हा आलं. त्या आवाजाच्या दिशेनं केरबा कंदील घेऊन उतरू लागला, मागं आकाराम, मागं बाई. दगड निसटत होते. बाईंनी दोन्ही वहाणा फेकून दिल्या. जैबूनला वर बसायला सांगितलं होतं तरी ती काही अंतरावरून उतरतच होती, आणि दर वेळी बाईंचा दम संपला की तीच ओरडायची, "अंबाबाईच्या नावानंऽऽ," आणि खालून उत्तर यायचं. एका उत्तराला ते जवळ वाटायचं, दुसऱ्याला लांब. एकदा यायला उशीर झाला. त्या वेळात बाई काय काय बोलल्या देवीशी, ते देवीच जाणे.

तळाला आले तेव्हा घळीत घोट्याएवढं पाणी होतं. दुपारी तिथं नुसता ओलावा होता. पाणी गढूळ होतं आणि त्यात काड्या वाहत होत्या.

"चढतंय," केरबा म्हणाला.

आकारामनं बॅटरी फिरवली. पलीकडच्या काठाला, माणसाच्या उंचीवर, कड्याच्या पोटात एक कपार होती. तिच्यात गुडघे पोटाशी घेऊन राही बसली होती. एक पाय वेडावाकडा लांब पडलेला, घोटा सुजलेला. ओच्यात पिवळं काहीतरी गच्च धरलेलं. बॅटरीचा झोत डोळ्यांवर पडला तशी ती आणखी आत सरकली.

"पोरी, चल, हात दे!" केरबा पाण्यात उतरला. त्यानं कंदील आकारामकडं दिला, डोक्याचा पटका सोडून आकारामच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक आपल्या हाताला गुंडाळलं. "हात दे गं, येळ न्हाई!"

राहीनं हात दिला नाही. ती कपारीच्या कातळाला पाठ लावून बसली, डोळे विस्फारलेले. पाणी केरबाच्या पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्यांना. त्यानं तिचा पाय धरायला हात वर केला तशी तिनं दुसऱ्या पायानं तो झिडकारला.

"अगं येडी का काय तू? मरशील!"

"बाळ, मी आहे," बाई म्हणाल्या. आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. पाण्याच्या आवाजात तो त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही. मोठ्यानं बोलल्या तर तो त्यांचा आवाज नव्हता. हळू बोलल्या तर तो पोहोचत नव्हता. त्यांना वाटलं, आता सगळं संपलं. चार हातांवर लेकरू, आणि मी तिला मी आहे हे सांगू शकत नाही.

राहीचे ओठ हलले. बाईंना ऐकू आलं नाही, पण त्यांनी तिची नजर बघितली. ती त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हती. खाली बघत होती, गढूळ पाण्याकडं, जिथं बाईंचे पाय होते.

"आकाराम, कंदील," बाई म्हणाल्या. "खाली धरा. खाली, माझ्या पायांजवळ."

पाण्यातून पाय दिसणार नव्हते. बाई मधल्या एका दगडावर चढल्या. लुगडं दोन्ही हातांनी घोट्यांच्या वर उचललं. दोन परके पुरुष समोर होते, आणि या बाईंनी आयुष्यात कधी अंगणातसुद्धा पदर ढळू दिला नव्हता. दगड शेवाळी होता. त्या एका पायावर उभ्या राहिल्या, दुसरा पाय पुढं उचलून कंदिलाच्या उजेडात धरला. बोटं पुढं. काट्यानं फाटलेली, रक्त आलेली, पुढं असलेली बोटं. मग तो टेकवून दुसरा.

"बघ," त्या म्हणाल्या. "नीट बघ."

राहीनं बघितलं. एक पाय, दुसरा पाय. मग तिचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. ओच्यातली फुलं सगळी पाण्यात पडली.

केरबानं तिला खांद्यावर घेतलं. आकारामनं पटका ओढला. बाई दगडावरून उतरल्या तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं, आणि वरून घळीच्या वळणावर कुणी एकदम पुष्कळ गाड्या दगडांवरून सोडाव्यात तसा आवाज येत होता. जैबूननं वरून बाईंचा हात धरला आणि ओढलं. ते काठावर चढतायत तोवर लोंढा आला. त्यात कंदील गेला, आकारामची काठी गेली, आणि ती कपार अंधारात भरून गेली. आता ओ देणारं तिथं कुणी नव्हतं, तरी ती घळ ओरडत राहिली.

पाऊस माळावर पोहोचला होता. केरबानं राहीला पाठुंगळीला घेतलं. बाई शेजारून तिचा सुजलेला पाय हातात तोलून चालत होत्या.

"तू मघाशी ओ दिलीस ना," जैबून रडतच तिला रागावली. "मग हात का देत न्हवतीस? लय शानी हायस!"

"देवीला दिली," राही म्हणाली. दात वाजत होते तिचे. "तुमाला कुठं दिली? कोन येतंय ते बघाय नको व्हय?" आणि थोड्या वेळानं, बाईंकडं न बघता, "कारळ हुतं बाई तिकडं. घळीपल्याड, वरच्या तुकड्यात. शिट्टीच्या आत येनार हुते मी. पाय मुरगळला. मी लय वरडले, पर पाखरांच्या कालव्यात कुनी ऐकलं न्हाई. मग दिस बुडाला, आनि समदीकडनं माझं नाव यायला लागलं. मागनं, फुडनं. बाईंच्या आवाजात. पर बाई तर कवा वरडत न्हाईत."

बाईंना आता दिसत होतं पुढचं सगळं. उद्या राहीला गाडीत घालून कोरेगावच्या दवाखान्यात न्यावं लागेल. तिची आजी येईल. परवा बातमी नानासोंपर्यंत जाईल. सगळ्या परत आल्या, एकही कमी नाही, हे कुणी ऐकून घेणार नाही. फक्त घळ ऐकतील, पाणी ऐकतील, दिवस बुडाल्यावर रानात राहिलेली पोर ऐकतील. पुढच्या आश्विनात या माळावर कुणी मुलगी झाडाखाली बसून पाखरं ऐकणार नाही. जैबूनच्या बापानं आत्ताच तिच्या लग्नाचं काढलंय, हे त्यांना ठाऊक होतं.

देवळात बनुबाईनं मुलींना ओवरीत भिंतीला लावून बसवलं होतं. घटापुढं समई जळत होती. कुणीतरी बाईंसाठी निरांजनात वात घालून ठेवली होती, पेटवायची तेवढी बाकी. मुली राहीला बघून रडायला लागल्या, काही उठल्या, काही उठल्याच नाहीत, नुसत्या बघत राहिल्या.

बाईंनी निरांजन पेटवलं. वाऱ्यानं दोनदा विझलं. मग त्या ओवरीत आल्या. मुली मोजायला हव्या होत्या. रोज या वेळी मोठी मुलगी हजेरी घ्यायची, तीच आज भेदरून बाईंकडं बघत होती.

बाईंनी मानेनंच नको म्हटलं. त्या पहिल्या मुलीपाशी गेल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग दुसरीच्या. बाहेर दिवस बुडून गेला होता, पाऊस कौलांवर वाजत होता, आणि आत त्या एकेका ओल्या, कोरड्या, तेल लावलेल्या डोक्यावर हात ठेवत, कुणाचंही नाव न घेता, रांगेच्या शेवटापर्यंत गेल्या. राही शेवटी होती, बनुबाईच्या घोंगडीत. तिच्या केसांत कारळाची एक पाकळी अडकली होती.

बाईंनी ती काढली नाही. हात तसाच राहू दिला.